बारीक चक्री

दोन दिवसांच्या त्या संमेलनाला मला नेलं ते पेट्या उचलायला. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, फोटो कोणी काढले असं कुणी विचारलंच तर तुम्ही जवळ हव्यात. पण काचांच्या दोन जड पेट्या गाडीतून उतरवून तिसऱ्या मजल्यावर कुणी चढवल्या, तर मी. लिफ्ट बंद होती. बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपवर वाकून बसते, त्यात माझ्या मानेची पार वाट लागली आहे, आणि अजूनही सर माझी ओळख "आमच्या फोटोवाल्या बाई" अशीच करून देतात. मी मनावर घेत नाही. खरं सांगायचं तर घेते, पण दाखवत नाही.

पेशींचे फोटो संगणकाला दाखवायचे आणि त्याच्याकडून रोग ओळखून घ्यायचा, या एकाच वेडाने झपाटलेली दोन-तीनशे माणसं तिथे जमली होती. आमचंही वेड तेच. गाठीत सुई घालून थोडा द्रव काढतात, तो काचेवर पसरून रंगवतात, आणि त्या काचेचा मी मायक्रोस्कोपमधून फोटो काढते. असे आठ हजार फोटो मी काढले. प्रत्येकावर डॉक्टरांनी लिहून दिलं, गाठ साधी की वाईट. ते सगळं बघून सरांचं मशीन शिकलं. मशीन म्हणजे खरं तर प्रोग्राम, पण आम्ही मशीनच म्हणतो. शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं बरोबर. दुपारी दोन वाजता सर व्यासपीठावरून हे सांगणार होते, आणि सकाळपासून त्यांचा टाय तीनदा सोडून बांधून झाला होता.

तीन महिन्यांपासून एका छोट्या दवाखान्यात या मशीनची चाचणी चालू होती. तिथली नर्स काचेचा फोटो काढून पाठवायची. मशीन "वाईट" म्हणालं की काच लगेच डॉक्टरांपुढे जायची. "साधी" म्हणालं की काच कपाटात, डॉक्टर सवडीने बघणार. आता डॉक्टरांना सवड कधी मिळते ते आपल्याला माहीतच आहे.

त्याच दवाखान्यात माझी धाकटी बहीण गेली होती. लहानपणी तिला ठकी म्हणायचे, आज त्रेचाळिसाव्या वर्षीही ती ठकीच आहे. तिच्या मानेवर, जबड्याखाली, बोराएवढी गाठ आली होती. दीड महिन्यापूर्वी मशीनने सांगितलं, साधी. तरी तिचं मन खात होतं, मोठ्या इस्पितळात एकदा दाखवून येऊ म्हणत होती. मीच तिला वेड्यात काढलं. त्या मशीनला मी शिकवलंय, म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही का. मग ती गेली नाही.

सकाळी जेवणाआधी एक प्रात्यक्षिकाचा वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आणि बहुधा कुणाच्याच मोठेपणाने न दबणाऱ्या. त्या म्हणाल्या, आपल्या मशीनवर ज्याचा फार जीव असेल त्याने त्याची एक परीक्षा घ्यावी. फोटोतल्या सगळ्या पेशी करड्या चौकोनांनी झाकून टाकायच्या. मग उरते मधली रिकामी जागा, थोडी धूळ, रंगाचे चार कण. तेवढ्यावर मशीनला रोग विचारायचा. पेशीच दिसत नाहीत म्हटल्यावर त्याला काही सांगताच येता कामा नये.

सरांनी हौसेने आमचे पन्नास फोटो दिले. पेशी झाकल्या. मशीनने त्यातले शेहेचाळीस बरोबर ओळखले.

खोलीत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, याला डोळे मिटूनही दिसतं. सरही हसले, पण ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. बाई हसल्या नाहीत.

"हे पेशी बघतच नाहीये," त्या म्हणाल्या. "दुसरंच काहीतरी बघतंय. काय ते तुम्हालाच शोधावं लागेल, कारण फोटो तुमचे आहेत."

फोटो माझे होते. मी उठून पडद्याजवळ गेले. डावीकडे साध्या गाठींचे, उजवीकडे वाईट गाठींचे, सगळ्यांच्या पेशी झाकलेल्या. मी धुळीचे कण बघत राहिले. उजवीकडच्या कणांच्या कडा अगदी रेखीव होत्या. डावीकडचे कण किंचित, अगदी किंचित पुसट. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझ्या आलं, कारण तो माझ्याच हाताचा प्रताप होता.

मायक्रोस्कोपला दोन चक्र्या असतात. मोठी फिरवली की काच नजरेच्या टप्प्यात येते आणि बारीक फिरवली की चित्र स्पष्ट होतं. साधी काच मला बघताक्षणी कळते. मोठी चक्री, बारीक चक्री एकदा, आणि फोटो. पण पेशी जरा वेड्यावाकड्या दिसल्या की माझा श्वास थांबतो आणि हात आपोआप पुन्हा बारीक चक्रीवर जातो. मी ती दुसऱ्यांदा फिरवते, आणखी नीट बघायला. मग फोटो. बावीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असं काही मी करते हे मलाच ठाऊक नव्हतं. मशीनला मात्र आठ हजार फोटोंतून बरोबर कळलं होतं. मी कुठे दचकले तेवढंच ते शिकलं होतं.

आणि दवाखान्यातली नर्स कुठेच दचकत नव्हती. तिच्यामागे शंभर कामं. सगळ्या काचा ती एकाच ठरलेल्या फोकसवर, भराभर उरकायची. तिच्या चारशे काचांत मशीनला फक्त तीन वाईट सापडल्या होत्या. आमच्याकडे शंभरात बारा निघतात. सर म्हणायचे, तिथली माणसं निरोगी दिसतात. फोटो पुसट म्हणजे गाठ साधी, एवढंच मशीनला ठाऊक होतं. भिंतीला हात लावून मी तशीच उभी राहिले.

सरांना मी जिन्यात गाठून सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. ऐकून ते पायरीवरच बसले. मग घड्याळाकडे बघत म्हणाले की आज भाषण होऊ दे, सोमवारी आकडे काढू, नीट तपासू, अशी घाईने बोंब मारण्यात अर्थ नाही.

"सोमवारी नाही, सर," मी म्हणाले. "ठकीची काच त्या कपाटात आहे."

त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी लॅपटॉप उघडून तिचा फोटो शोधला. दवाखान्यातून आलेला, जरा पुसट, इतर चारशेंसारखाच. मी डोळे फाडफाडून पाहिलं. साधी असेल, वाईट असेल, त्या पुसट जांभळ्या डागांवरून कुणालाच काही सांगता आलं नसतं. अशा फोटोच्या जोरावर मी तिला घरी बसवलं होतं.

मी ठकीला फोन केला आणि सरांनी दवाखान्याला. काच घेऊन इकडे ये, एवढंच मी तिला सांगितलं. ती हसून म्हणाली की आता माझ्या मानेचं प्रदर्शन मांडणार का तुम्ही. तिचं ऑफिस दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, दीडपर्यंत पोचते म्हणाली. मी जेवले नाही. इतकी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि त्यातही लाज वाटत होती ती याची, की भीती तिच्यासाठी होती तेवढीच मी तिला काय तोंड दाखवू याचीही होती.

तळमजल्यावर मायक्रोस्कोप विकणाऱ्यांनी आपली दुकानं मांडली होती. एका विक्रेत्याकडे मी पाच मिनिटं बसायला जागा मागितली. तो मला त्याच्या यंत्राचे गुण सांगायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू थोडा वेळ गप्प बस. माझा चेहरा बघून तो खरंच गप्प बसला.

ठकी आली ती घामाघूम. एवढ्या उकाड्यात तिच्या गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला होता. तो का, हे मी विचारलं नाही. तिने पर्समधून चष्म्याची डबी काढली, त्यातल्या रुमालातून काच काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"घे तुझा दागिना," ती म्हणाली. "फोडू नकोस, एकच आहे."

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. वरून एक स्वयंसेविका त्यांना बोलवायला आली होती, दोन वाजत आले होते. मी काच बसवली, दिवा लावला. मनाशी ठरवलं होतं की बारीक चक्री एकदाच फिरवायची, मग हात मांडीवर ठेवायचा आणि फक्त बघायचं. डॉक्टर मी नाही. निकाल देणं माझं काम नाही.

मोठी चक्री फिरवली. बारीक चक्री एकदा फिरवली. पेशी समोर आल्या. मी हात मांडीवर ठेवला.

मग माझा श्वास थांबला. मांडीवरचा हात उठला, परत बारीक चक्रीवर गेला आणि त्याने ती दुसऱ्यांदा फिरवली. मी फिरवली नाही. शपथेवर सांगते, त्यानेच फिरवली.

सरांनी ते पाहिलं. काय दिसतंय असं त्यांनी मला विचारलं नाही. ते स्वयंसेविकेकडे वळून म्हणाले की आमचं छापलेलं भाषण होणार नाही, आमचा आकडा खोटा आहे एवढं सांगायला मी येतोय. मग त्यांनी फोन काढला आणि कपाटातल्या झाडून सगळ्या काचा आज डॉक्टरांपुढे ठेवायला सांगितल्या.

"काय दिसतंय गं ताई?" ठकीने विचारलं.

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. तिच्याकडे बघणं फार कठीण होतं, पण बघितलं.

"आपण आत्ता मोठ्या इस्पितळात जातोय," मी म्हणाले. "पक्कं काय ते डॉक्टर सांगतील. पण मला ही काच आवडलेली नाही, ठके. तुला मी तेव्हाच जाऊ द्यायला हवं होतं."

तिने स्कार्फ हळूहळू सोडला, घडी केली, पर्समध्ये टाकला. गाठ आता बोराएवढी राहिली नव्हती. मग तिने पुढे होऊन चक्रीवरचा माझा हात सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"किती गार पडलाय," ती म्हणाली. "चल. मला रस्ता माहीत नाही तिथला."