बरी गर्दी

कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे एकशे चौदा अंक होते. त्यांतल्या सत्तेचाळीस बातम्यांत 'गर्दी' हा शब्द सापडला. एकवीस वेळा 'अलोट', चौदा वेळा 'तुफान', नऊ वेळा 'बरी' आणि तीनदा नुसतीच गर्दी.

हे अंक मी कोल्हापुरातून आणले होते. आमच्या कोडोलीच्या क्रीडा मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होत असल्यानं स्मरणिका निघणार होती. त्यातलं मुखपान मंडळाच्या सर्वांत जास्त गर्दीच्या सामन्याला द्यायचं ठरलं होतं. विठाकाकूंचं म्हणणं, तो मान १९६९च्या बायकांच्या कबड्डीचा. तेव्हा त्या कॅप्टन होत्या.

मंडळाचे सेक्रेटरी अमरसिंहदादा त्या सामन्याची बातमी वाचून हसले. "काकू, पेपरात 'बरी गर्दी' लिवलंय. गड्यांच्या फायनलला बघा, 'अलोट गर्दी'! आता मी काय करू?"

"आरं अमरसिंगा, तवा तू जन्माला तरी आलतास काय? तुझा बा चिंचंवर बसून बघत हुता. फांदीसकट खाली आला."

"ते बातमीत न्हाय."

"तुझ्या बानं लाजंनं सांगितलं नसंल की!"

सगळे हसले, पण काकू हसल्या नाहीत. फायनलची बातमी गावातल्याच वार्ताहराची होती. बायकांच्या सामन्याची बातमी देणारा कोल्हापूरहून आला होता. मी त्यांना विचारलं, "तो माणूस आठवतोय?"

"न आठवाय काय झालं? सामना झाल्यावर आमच्यातच जेवला. रस्सा कसा झालाय म्हटलं, तर म्हणाला, 'बरा आहे.' तीनदा मागून घेतला बाबानं!"

त्या रात्री मी अंक परत काढले. 'बरी गर्दी' नऊही वेळा त्या कोल्हापूरच्या वार्ताहराचीच होती. त्यांतल्या दुसऱ्या गावांच्या सामन्यांच्या सहा बातम्यांत विकलेल्या तिकिटांचा आकडा होता. सर्वांत कमी २,१००, सर्वांत जास्त ३,८००. 'अलोट' आणि 'तुफान' हे शब्द त्यानं एकदाही वापरले नव्हते. गड्यांच्या फायनलच्या 'अलोट' गर्दीच्या तिकिटांचा आकडा तिच्याच बातमीत छापला होता: ८१०.

सकाळी हे सांगितल्यावर अमरसिंहदादांनी ८१० हा आकडा स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाले, "पण शबनूर, बायकांच्या सामन्याला तिकीटच नव्हतं. ह्यो तुझा अंदाज. छापून आल्यावर कुणी इचारलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी बातमी पुन्हा वाचली. 'बरी गर्दी'च्या आधी एक वाक्य होतं: 'शाळेच्या भिंतीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत आणि रस्त्यापासून ओढ्याच्या बांधापर्यंत प्रेक्षक दाटीने उभे होते.' शाळेची भिंत, विहीर, रस्ता, बांध, चारही अजून जागच्या जागी आहेत.

दुपारी आम्ही टेप घेऊन मैदानावर गेलो. टेपचं एक टोक काकूंनी भिंतीला धरलं. अमरसिंहदादा दुसरं टोक घेऊन विहिरीकडं निघाले.

"ताणून धर," काकू ओरडल्या. "एक इतभर सुदिक सोडायचं न्हाय!"

"धरलंय हो!"

"आणि जास्तीबी घ्यायचं न्हाय. आमाला फुकटचं नगं."

मधे कबड्डीची जागा कुठं होती ते काकूंनी चालत जाऊन दाखवलं. भोवतीच्या दोरीचे चारही कोपरे त्यांनी टाचेनं मातीत खुणावले. बघायला तोवर पाच-सहा बायका जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "विठाबाई, साडी खोचून घ्या, आता खेळायलाच उतरा!" काकूंनी खरंच पदर खोचला.

मी आकडे वाचले आणि अमरसिंहदादांनी मुखपानाच्या कच्च्या प्रतीवर स्वतःच्या हातानं लिहून घेतले. भिंत ते विहीर ३६.८ मीटर. रस्ता ते बांध २० मीटर. दोरीच्या आतली जागा १३ बाय १०. प्रेक्षकांना उरली ६०६ चौरस मीटर. चौरस मीटरला चार माणसं धरून, २,४२४.