अर्ध्या म्हणींचं उखळ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कुंडी नाही. माझ्या पोटात माती भरली आहे आणि तिच्यात जिरेनियमचं एक मरतुकडं रोप खोचलं आहे, हे खरं. पण म्हणून कोणी येता-जाता "काय सुरेख जुनी कुंडी!" म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी जुना आहे, पण उखळ आहे. सायप्रस झाडाच्या लाकडाचं, माणसाच्या कंबरेइतकं उंच उखळ.

मला ओझेमेबाबांनी घडवलं. इथंच लुइझियानात, टेश नदीच्या काठच्या दलदलीत पडलेला एक ओंडका त्यांनी बैलांकरवी ओढून आणला, मधोमध निखारे ठेवले आणि जळेल तेवढं तासून काढलं. पुन्हा निखारे, पुन्हा तासणी. असं जाळून जाळून माझं पोट तयार झालं. लेक एलोडी लग्न होऊन निघाली तेव्हा त्यांनी मला तिच्या गाडीत चढवलं आणि म्हणाले, "पोरी, सोनंनाणं काही माझ्याकडे नाही. हे घे. यात कुटशील ते सुखानं खाशील."

एलोडीनं माझ्यात भात सडला, मका भरडला. पण माझा खरा मान ऑगस्टात. मेरीमातेच्या सणाला सासाफ्रासची पानं तोडायची, सावलीत वाळवायची, माझ्यात कुटून वस्त्रगाळ करायची, की झालं फिले. हिरवट, सुवासिक पूड. गंबोचं, म्हणजे आमच्या मासळी-कोंबडीच्या रश्श्याचं, पातेलं चुलीवरून उतरलं की वरून चिमूटभर टाकायची. रस्सा कसा दाट होतो म्हणून सांगू! मात्र उतरल्यावरच हं. उकळत्यात टाकली तर तारा सुटतात आणि सगळा गंबो शेंबडासारखा होतो. आमच्याकडे नव्या सुनेची परीक्षा होते ती इथंच.

कुटायला एलोडीची नणंद तेल्सिद यायची. दोघी समोरासमोर, दोन मुसळं, एकीचं वर तर दुसरीचं खाली. ताल चुकू नये म्हणून त्या आमच्या क्रेओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या बोलीतल्या म्हणी म्हणायच्या. एकीनं आपल्या घावावर अर्धी म्हण टाकायची, दुसरीनं आपल्या घावावर ती पुरी करायची. जी अडेल तिनं कॉफी करायची.

"बुकीनं रांधला गंबो..."

"...सशानं केला फस्त!" (बुकी म्हणजे आमच्या गोष्टींतला भोळा सांब.)

"उंदरानं खाल्ला ऊस..."

"...पाल मेली फुकट!"

"डुकराला पक्कं ठाऊक..."

"...कुठल्या झाडाला पाठ घासायची! वहिनी, ही तू माझ्या दादावरून म्हणालीस ना?"

"मी कुणाचं नाव घेतलं का, वन्सं? तुम्हीच ओळखलंत!"

मग दोघी अशा हसायच्या की मुसळं हातातून सुटायची. मला मार बसायचा, पण खोटं कशाला बोलू, तेव्हा फार सुखात होतो मी.

एलोडीला दिवस गेले त्या वर्षी मात्र ती कुटता कुटता मध्येच थांबली. म्हणाली, "वन्सं, या बाळाच्या कानावर आपली बोली पडता कामा नये."

"वेड लागलं का तुला? मुकी वाढवणारेस की काय पोर?"

"इंग्रजी बोलेल. शाळेत मी दोन शब्द आपले बोलले, तर बाईंनी मला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले होते. हे बघा वण. माझ्या पोरीच्या गुडघ्यांवर असले वण नकोत मला."

तेल्सिदनं वाकून त्या वणांवरून बोट फिरवलं. मलाच ओरडावंसं वाटलं, अगं, असं करू नकोस! पण उखळाला तोंड असतं ते फक्त वरून मार घ्यायला.

अर्लीन जन्मली. गुणाची पोर. मुसळांचा आवाज ऐकून दुडुदुडु धावत यायची, की दोघींच्या म्हणी जागच्या जागी बंद. "जा बाळ, मागं कोंबड्यांना दाणे टाकून ये," असं एलोडी इंग्रजीत सांगायची. पोर मागं वळून वळून बघत जायची. ती दृष्टीआड झाली की अर्धी राहिलेली म्हण पुरी व्हायची. घरात इंग्रजी आणि माझ्यापाशी क्रेओल, असा कारभार वर्षानुवर्षं चालला. एलोडीनं शब्द पाळला म्हणजे अगदी पाळला.

पुढं दुकानात फिलेच्या बाटल्या मिळू लागल्या. तेल्सिद टेक्सासला मुलाकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. त्यानंतर एलोडीनं मुसळ उचललं नाही. कुटायचं काय, एकटीनंही कुटता येतं. पण समोर कुणी नसताना अर्धी म्हण टाकायची कुणाला? मी ओसरीवर पावसाचं पाणी पीत पडून राहिलो. एक दिवस अर्लीननं कौतुकानं माझ्यात माती भरली. "आई, बघ, तुझं उखळ किती छान दिसतंय!" तिला वाटलं, आईला आनंद होईल. एलोडी हसली आणि आत निघून गेली.

गेल्या उन्हाळ्यात एलोडीला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि इंग्रजी गेली ती गेलीच. जिभेवर उरली फक्त लहानपणची बोली. अर्लीन घाबरून डॉक्टरांना म्हणाली, "आई नुसती बडबडते हो." ते म्हणाले, "बडबड नाही ती, बोलताहेत त्या. घरात कुणाला कळतं का?"

कुणाला कळणार? वाडीतले बोलणारे एकेक करून मातीत गेले होते. चर्चमधल्या एका आजोबांना बोलवायचं ठरलं, तर ते स्वतःच दवाखान्यात पडलेले. अर्लीन नोकरी सोडून आईपाशी बसली. न्हाऊमाखू घाली, वेणी घाली, भरवायला बघे. एलोडीनं जेवणच टाकलं होतं. दिवसेंदिवस नुसती वाळत चालली होती आणि काहीतरी सांगायला तडफडत होती.

शेवटी अर्लीननं गंबो केला. एलोडीची चाकाची खुर्ची ओसरीवर, माझ्या शेजारी. समोर स्वयंपाकघराची खिडकी. अर्लीननं बाटली उघडली आणि पातेलं रटरटत असतानाच फिले आत टाकलं.

"अगं, उतरव! आधी पातेलं उतरव!" एलोडी ओरडली.

"हो आई, आणतेच वाढून!"

गंबोला ही लांब तार सुटली. एलोडीनं तोंडात घास घेतला, लेकीकडे बघितलं आणि गिळला. मग दुसरा. तो शेंबडासारखा गंबो तिनं वाटीभर खाल्ला, मित्रांनो, नुसत्या मायेपोटी. अर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एलोडीनं डावा हात वर धरला, मुसळ धरल्यासारखा, आणि म्हणाली, "कासव चालतं हळू..."

आणि थांबली. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

'हरीण उठायच्या आत पोचतं!' मी मनातल्या मनात ठो ठो ओरडत होतो. पण बाहेर काही फुटेना. अर्लीन म्हणाली, "हो आई, हो. ऊन लागतंय का? आत नेऊ?"

एलोडीचा हात खाली आला. तिनं तो लेकीच्या गालावर ठेवला आणि आपल्या बोलीत हळूहळू म्हणाली, "पोरी, तुझं काही चुकलं नाही. तुझे गुडघे वाचवायला गेले मी, आणि तुझी आईच तुझ्यापासून तोडून बसले. माझ्यावर राग धरू नकोस. तुझ्यासारखी लेक कुणाला मिळाली नसेल."

"हो आई," अर्लीननं तिचे ओठ पुसले. "चल, औषधाची वेळ झाली."

खुर्ची आत गेली. एलोडी त्यानंतर पुन्हा ओसरीवर आली नाही. त्याच आठवड्यात तिला ओझेमेबाबांच्या शेजारी पुरलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. लाकूडच मी, आज ना उद्या कुजायचाच. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आपल्या बोलीत काही पुटपुटत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि 'म्हणजे काय हो?' एवढं विचारा. हसू नका, टाळू नका. सांगणारं आहे तोवरच विचारून घ्या.

अर्लीन रोज संध्याकाळी जिरेनियमला पाणी घालायला येते. काल पाणी घालून झाल्यावर ती माझ्या कडेला डोकं टेकून बसली. स्वतःचा गाल चाचपत म्हणाली, "काय म्हणाली असेल आई त्या दिवशी? रागावली होती का माझ्यावर?"

नाही गं अर्लीन. रागावली नव्हती गं ती.