ताईचे कान

डरकाळ्याला परोपकाराची हुक्की आली ती डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर. त्याआधी त्याच्या रॉक बँडनं गावोगाव असा दणका उडवला होता, की मागे बसून ड्रम वाजवणाऱ्या ठोक्याचे दोन्ही कान कामातून गेले. तेव्हा डरकाळ्यानं त्याला गच्च मिठी मारली आणि दुसरा ड्रमर शोधला. आता त्यानं बहिऱ्यांच्या ऑपरेशनसाठी संस्था काढली होती आणि पोस्टरवर फोटो होता ठोक्याचा. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले, पण याचा आवळाही दुसऱ्याच्या झाडाचा!

ठोक्या थोरल्या बहिणीकडे राहायचा. ताई कपडे शिवायची आणि हा तिच्या शिलाई मशीनशेजारी अनवाणी बसायचा. मशीन चाललं की फरशी त्याच्या तळव्यांशी बोलायची. दोरा तुटून मशीन थांबलं, की हा लगेच मान वर करून विचारायचा, "तुटला का गं?" लोकांच्या ओठांवरून त्याला निम्मं कळायचं, उरलेलं ताई तोंड मोठं करून सांगायची. जग काहीही म्हणो, ताई म्हणेल ते खरं. "माझे कान म्हणजे तू," असं तो ओरडूनच म्हणायचा, कारण आपला आवाज केवढा लागतोय याचा त्याला पत्ता नसे.

संस्थेसाठी मोठा कार्यक्रम ठरला आणि डरकाळ्यानं जाहीर करून टाकलं, की एक गाणं ठोक्या वाजवणार. ठोक्याला आभाळ ठेंगणं झालं. घरातले डबे, पाटाची फळी, स्वतःच्या मांड्या, काही म्हणून त्यानं बडवायचं सोडलं नाही.

तालमीत मात्र त्याचा ताल घसरला. सगळे एकीकडे, हा भलतीकडे. खुर्चीत बसलेल्या ताईनं डोळे मिटून घेतले. डरकाळ्या तिला बाजूला घेऊन गेला.

"ताई, त्याला वाजवू देऊ ना, मनसोक्त वाजवू दे. फक्त त्याचे माईक बंद ठेवू. काळ्या पडद्यामागे आपला नवा ड्रमर वाजवेल. त्याला काय कळणार?"

"त्याला सांगा तरी."

"सांगितलं तर तो ड्रमवर बसेल का? आणि तो बसला नाही, तर संस्थेचं पहिलं ऑपरेशन मी कोणाचं करू?" असं म्हणून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. देवमाणूसच तो, धमकीसुद्धा प्रेमानं द्यायचा.

भावाला पुन्हा ऐकू येईल, एवढं एकच ताईच्या डोक्यात राहिलं. ती मूग गिळून गप्प बसली.

कार्यक्रम भर दुपारी बंद सभागृहात झाला. ठोक्यानं लाकडी मंचावर जाऊन बूट काढून ठेवले, काठ्या एकमेकींवर आपटून सुरुवात दिली आणि गाणं उसळलं. दिवे सगळे डरकाळ्यावर. ताईला वर बघवेना. ती मांडीवरच्या पिशवीची शिवण बोटानं चाचपत बसली. पडद्यामागचा ड्रमर झकास वाजवत होता, हाच तर जीवघेणा भाग होता. शेवटी डरकाळ्यानं ठोक्याला पुढे आणून डोळे पुसले. लोकांनीही पुसले.

घरी परतताना गाडीत ठोक्यानं तिच्याकडे तोंड वळवलं.

"कसं झालं गं?"

"फार छान."

"खरं सांग. दुसरं कडवं?"

ताई हसली. सरावानं तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दुसरं कडवं तर सगळ्यात भारी! तुझ्या वाजवण्यावर लोक उठून उभे राहिले."

ठोक्या तिच्या ओठांकडे बघत राहिला, ते मिटल्यावरसुद्धा.

"पहिल्या कडव्यात मंचाच्या फळ्या माझ्या हातापुढे पळत होत्या," तो म्हणाला. कान गेल्यापासून पहिल्यांदा त्याचा आवाज हळू लागला होता. "म्हणून दुसऱ्या कडव्यात मी काठ्या नुसत्या हवेत फिरवल्या. एकदाही टेकवल्या नाहीत. तरी फळ्या हलत होत्या."

"अरे, ते तुझ्या ऑपरेशनसाठी..."

"त्याला म्हणावं, दुसऱ्या कोणाचं तरी कर. मला काय ऐकायचंय आता?" आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांच्या बहिऱ्याला काही सांगायची सोय नसते. ताई घर येईपर्यंत बोलत राहिली, ते सगळं ड्रायव्हरनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीन सुरू केलं. ठोक्या रोजच्या जागी येऊन बसला, पायात बूट घालून. थोड्या वेळानं दोरा तुटला. मशीन थांबलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं मान वर केली नाही.