भरल्या हातांची पावलं

अडतीस वर्षांच्या संसारात सुनेत्राबाईंना कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तक्रार नव्हती म्हणा. भाजी जमली की चिंतामणराव दुसऱ्यांदा वाढून घेत, तीच काय ती पावती. त्यामुळे इंदूरच्या लेकीने, प्रणोतीने, पाठवलेलं घड्याळ चौथ्या दिवशी मनगटावर थरथरलं आणि इवल्याशा काचेवर फटाके फुटून 'शाबाश! नौ हज़ार कदम!' अशी अक्षरं उमटली, तेव्हा बाई हातातली कोथिंबीर तशीच धरून बघत राहिल्या. मग आजूबाजूला कुणी नाही हे पाहून त्या लाजल्यासुद्धा.

घड्याळ आलं होतं ते गुडघ्यांपायी. "दिवाळीपर्यंत पाच किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशनची तारीख घेऊ," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला आणि पावलांच्या मागे लागल्या. दीड महिन्यात काटा दोन किलो खाली आला. संध्याकाळच्या त्या फटाक्यांची त्यांना आता चटकच लागली होती.

प्रणोतीने वडिलांनाही तसलंच घड्याळ पाठवलं होतं, आणि घोडं पेंड खात होतं ते तिथेच. चिंतामणराव रोज सकाळी चेरीताल मोहल्ल्यातल्या घरातून निघून मैदानाला चार फेऱ्या घालत आणि सहा हजारांवर थकत. बायको उंबरठा न ओलांडता नऊ हजार! चौतीस वर्षं ते फॅक्टरीत एक्झामिनर होते. दुसऱ्यांनी केलेला माल गेजने, म्हणजे मापाच्या हत्याराने, मापायचा आणि पास की नापास ते सांगायचं, ही नोकरी. माणूस रिटायर झाला, पण डोळा काही रिटायर झाला नव्हता.

"अगं, तू पोळ्या लाटून राहिली अन् ते पावलं मोजून राहिलं," एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "पाहा, जरा पाहा."

बाईंनी पाहिलं. एका जागी उभं राहून चौदा पोळ्या झाल्या आणि घड्याळाने दोनशे बारा पावलं चढवली. म्हणजे ती शाब्बासकी खोटी? एवढी वर्षं नाही मिळाली ते चाललं होतं, पण मिळालेली परत द्यायची म्हणजे जिवावर आलं. त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

"काढलं काहून?" चिंतामणराव म्हणाले.

"खोटं आहे म्हणता ना तुम्ही?"

"मी कुठं म्हटलं? शितावरून भाताची परीक्षा तुझ्या स्वयंपाकघरात होते, फॅक्टरीत नाही. अख्खी शिफ्ट तपासावी लागते. चलो, उद्या दूध का दूध, पानी का पानी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बायकोच्या मनगटावर घड्याळ पुन्हा चढवून ते जुनी वही आणि पेन्सिल घेऊन बायकोच्या मागे उभे राहिले. दर पाच पावलांना चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ती देवघरात गेली, ते गेले. ती मोरीत, अंगणात, पुन्हा ओट्याशी. धुण्याची बादली घेऊन गच्चीवर निघाली, तर हेही कठडा धरून धापा टाकत वर. बाईंना आधी हसू आलं, मग राग आला. एवढ्या वर्षांत कधी पाणी पिताना पाहिलं नाही या माणसाने आपल्याला, आणि आता बघतो आहे तो चूक काढायला! दहा वाजता सवयीने ते "चहा" म्हणाले, लगेच जीभ चावली आणि तिच्यामागून ओट्याशी गेले. ते मापही लिहायचं होतं. दुपारी जेवणाची ताटं नेऊन-आणून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

"सुनेत्रा, तू बसते कधी गं?"

"बसते की. भाजी निवडताना."

रात्रीची जेवणं आटोपली तेव्हा चिंतामणराव चष्मा लावून वही घेऊन बसले. बाई पदराला हात पुसत समोर आल्या. दहावीचा निकाल ऐकतानाही त्यांची छाती एवढी धडधडली नव्हती.

"घड्याळ म्हणते नऊ हजार एकशेवीस," त्यांनी सुरुवात केली. "पोळ्या, खोबरं खवणं, ताक घुसळणं, ही सगळी खोटी पावलं धरून. ती झाली अकराशे पन्नास. वजा."

बाईंनी मान खाली घातली.

"अच्छा, आता पुढचं ऐक. हात हलला की ते मोजते. तू ट्रे नेते, बादली नेते, वाढलेलं ताट नेते, तेव्हा दोन्ही हात भरलेले. हात हलत नाही. मग ते आंधळं होते." त्यांनी पान उलटलं. रेघाच रेघा होत्या. "अशी दोन हजार तीनशे चाळीस पावलं त्याने खाल्ली. खरा आकडा दहा हजार तीनशे दहा."

बाईंनी वाकून त्या रेघा पाहिल्या.

"माल पास," चिंतामणराव म्हणाले. "गेज नापास." मग वही मिटून जरा हळू आवाजात म्हणाले, "मीही नापासच. माझे पाय दुखून राहिले एका दिवसात."

बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "आणू का तेल?" असं म्हणत त्या उठल्या, तर चिंतामणरावांनी त्यांना हाताने बसवलं आणि तेल स्वतः आणलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांच्या काट्यावर साडेपाच किलो उतरलेले निघाले. ऑपरेशन पुढं ढकललं. घरी आल्यावर बाई व्हरांड्यात टेकल्या, तोच आतून भांड्यांचा खडखडाट झाला आणि चिंतामणराव ट्रे घेऊन आले. दोन कप बिनसाखरेचा चहा. दोन्ही हात घट्ट, नजर कपांवर, एकेक पाऊल बेताचं. ट्रे टेकवून त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"घ्या! ओट्यापासून इथवर आलो अन् एकही पाऊल नाही धरलं याने. गेली ना वाया!"

"वाया नाही गेली," सुनेत्राबाई कप उचलत म्हणाल्या. "बावीस होती. मी मोजली."