सरळ लावलेलं प्रमाणपत्र

आमच्या बालवाडीची डेटा संरक्षणाची नोंदणी झाली, प्रमाणपत्र आलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडची सगळी मुलं सुरक्षित आहेत.

यातलं काहीही झालेलं नाही. म्हणजे ग्लेनिसबाईंनी तसं ठरवलंय. बालवाडी त्यांची, तेव्हा काय झालं नाही हे ठरवायचा हक्कही त्यांचाच. कुणी विचारलं तर आम्ही अजून अर्जच भरतोय, वेबसाइट फार संथ आहे, आणि फळ्यावर कधी काही लावलेलंच नव्हतं.

तर न झालेली गोष्ट अशी.

आम्ही भरतो चर्चच्या हॉलमध्ये. हॉल आमचा नाही. रोज सकाळी आम्ही कपाटातून बालवाडी बाहेर काढतो आणि दुपारी परत कपाटात कोंबतो. संध्याकाळी तिथे वजन कमी करणारं मंडळ जमतं, शनिवारी कुणीतरी जुन्या सामानाचा सेल लावतं. कपाटात न मावणारी वस्तू एकच, चाकांचा मोठा फळा. घरी जाताना तो भिंतीकडे तोंड करून उभा करायचा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

कारण त्या फळ्यावर बिस्किटचे फोटो असतात. बिस्किट म्हणजे आमचं एक कान गेलेलं कापडी अस्वल. दर शुक्रवारी ते एका मुलाच्या घरी मुक्कामाला जातं आणि सोमवारी फोटो घेऊन येतं. बिस्किट बाथटबमध्ये, बिस्किट आजीच्या मांडीवर, बिस्किट नव्या मोटारीच्या नंबरप्लेटला टेकून. गावात घरफोड्या करायच्या असतील, तर इतका माहीतगार साथीदार दुसरा मिळायचा नाही.

शरद ऋतूत फर्न आली. तीन वर्षांची, बोलायला कमी आणि चावायला पुढे. तिची आई जोलीन हिने पहिल्याच दिवशी एका माणसाचा फोटो आमच्या हातात ठेवला.

"हा फर्नचा बाप. कर्टिस. आम्ही या गावात आहोत हे त्याला माहीत नाही. हा दारात आला तर दार उघडू नका."

"फार आरडाओरडा करतो का?" मी विचारलं.

"छे. छान बोलतो. सगळ्यांना आवडतो." मग पिशवीची चेन लावत म्हणाली, "मलाही आवडलाच होता की."

फोटो आम्ही कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला, शेंगदाणे न चालणाऱ्या मुलांच्या नावांशेजारी.

कितीतरी महिने जोलीनने बिस्किटला घरी नेलं नाही. फर्न दर शुक्रवारी रडायची, आणि रडून झालं की ज्याची पाळी असेल त्याला चावायची. शेवटी जोलीनच म्हणाली, "द्या बाई ते अस्वल." सोमवारी फोटो आला. निळं दार, त्यावर पितळी चौदा, पायरीवर बिस्किटला मिठी मारून फर्न, आणि मागे मासे-चिप्सच्या दुकानाची अर्धी पाटी. नवीन घरातला त्यांचा पहिला फोटो.

"फळा रोज वळवता ना?" जोलीनने विचारलं.

"माझा नवरा आयुष्यात वळला नाही," ग्लेनिसबाई म्हणाल्या, "पण फळा रोज वळतो."

त्याच आठवड्यात नोंदणीचं निघालं. मुलांची माहिती ठेवणाऱ्या सगळ्यांनी नोंदणी करायची आणि वर्षाची फी भरायची, असा कायदा आहे. ती नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या मेल आम्हाला पूर्वीपासून येत होत्या. ग्लेनिसबाई त्या पुसून टाकत. "पैसे मागतात आणि वर इतक्या नम्रपणे मागतात, म्हणजे चोरच." मग दुसऱ्या एका बालवाडीने त्यांना दंडाची भीती घातली आणि काम माझ्याकडे आलं. मी तिशीच्या आतला आहे, एवढीच माझी पात्रता.

"सीसीटीव्ही आहे का विचारतायत," मी म्हणालो.

"नाही म्हण. समोर ॲक्रॉइडबाई राहतात."

"मग त्यांचीही नोंद करावी लागेल."

"नको पोरा. त्यांच्यातलं काही पुसता येत नाही."

प्रमाणपत्र आलं. ग्लेनिसबाईंनी ते छापून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलं. आमच्या धंद्यात लॅमिनेट न झालेली गोष्ट अस्तित्वातच नसते. मुलं वाचली आहेत ती केवळ मशीनमध्ये मावत नाहीत म्हणून. मग त्यांनी ते फळ्याच्या मधोमध एका टाचणीवर लटकवलं, वाकडं. त्यांनी लावलेलं सगळं वाकडंच असतं. त्याखाली फर्नच्या फोटोचा अर्धा भाग झाकला गेला.

शुक्रवारी मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. त्या दुपारी वजनवाल्या मंडळाची प्रमुख ग्लेनिसबाईंना म्हणाली, की तुमच्याकडे मुलांचे कागद बिस्किटांच्या डब्यात असतात म्हणे. हे खरं होतं, म्हणून फार लागलं. ग्लेनिसबाईंनी फळा वळवला नाही. आपण मुलांची माहिती किती जपतो ते सगळ्यांना एकदा दिसू दे, म्हणून त्यांनी मुलांची माहिती सगळ्यांसमोर मांडून ठेवली आणि दिवे मालवून घरी गेल्या.

सोमवारी हॉल उघडला तेव्हा फळा माझ्याकडे बघत होता. मला आधी फोटो दिसलेच नाहीत. मला दिसलं ते प्रमाणपत्र. ते सरळ होतं. दोन टाचण्यांवर, दोरी धरून लावल्यासारखं सरळ.

"ग्लेनिसबाई, हे तुम्ही नीट केलंत?"

"मी?" त्या जवळ आल्या. "मला असं जमतं का रे?"

तेवढ्यात ॲक्रॉइडबाई सेलमधल्या चहाची किटली परत ठेवायला आल्या. शनिवारी चहा त्यांच्याकडे होता.

"ते होय! त्या भल्या माणसाने सरळ केलं," त्या म्हणाल्या. "हल्लीच्या काळात असे पुरुष उरलेत कुठे! एक टोस्टर घेतला, मला म्हणाला, केक तुम्हीच केलाय ना, हात कळतो. मग तुमचं प्रमाणपत्र वाचत उभा राहिला. किती वेळ! मी मनात म्हटलं, एवढं काय लिहिलंय त्यात? मग म्हणतो कसा, वाकडं आहे, मी लावून देऊ का नीट? काढलं, खालचं सगळं नीट पुसलं, परत लावलं."

मला माझ्या दुखऱ्या दाताची आठवणच राहिली नाही. मी कपाटाचं दार उघडलं आणि आतला फोटो दाखवला.

"अगं बाई, हाच की! फोटोत जरा ओढलेला दिसतोय," ॲक्रॉइडबाई म्हणाल्या. "तुमच्या ओळखीतला आहे का?"

ग्लेनिसबाई खाली बसल्या. खाली तीन वर्षांच्या मुलांची खुर्ची होती, तरी बसल्या.

मी फळा वळवला. वळवून झाल्यावर कळलं, की याचा आता काही उपयोग नाही. तरी चाकांचे खटके पायाने दाबून पक्के केले.

जोलीन आली तेव्हा फर्न तिच्या हाताला लटकून उड्या मारत होती. काय झालं ते मीच सांगितलं. मी नेहमी चेहरा कोरा ठेवून बोलतो, लोकांना वाटतं थट्टा चाललीय. जोलीनला तसं वाटलं नाही. तिने फक्त विचारलं, "काय घेतलं त्याने?"

"टोस्टर."

"त्याच्याकडे टोस्टर आहे." तिने फळ्याच्या पाठीकडे बघितलं. "प्रमाणपत्र सरळ केलं म्हणालास?"

"हो."

"घरीही तेच करायचा. आधी सगळं सरळ करायचा. चमचे, चौकटी, दाराशी पडलेले बूट. माझ्याकडे सगळ्यात शेवटी वळायचा."

"कदाचित आकडा दिसला नसेल गं," ग्लेनिसबाई पुटपुटल्या. "प्रमाणपत्र त्याच्यावरच होतं."

"ते त्याने हातात धरलं होतं ग्लेनिस."

बाई म्हणायचं ती विसरली. ग्लेनिसबाईंनीही ते चालवून घेतलं.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडचा आवाज तरुण होता.

"त्याने काही केलं का?"

"प्रमाणपत्र सरळ केलं."

"सर, हा गुन्हा होत नाही."

"माहितीय. म्हणूनच भीती वाटतेय."

त्या घरावरून एक गाडी फिरवून आणू, असं ते म्हणाले. जोलीनने आधी जिथे आसरा घेतला होता तिथल्या बाईंना फोन केला. दुसऱ्या परगण्यात एक खोली रिकामी होईल, पण संध्याकाळपर्यंत नक्की सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. मग जोलीन कोट न काढता मुलांच्या पाण्यात खेळायच्या टेबलापाशी बसली, दरवाजा दिसेल अशी. फर्नने बिस्किटला रुमालात गुंडाळलं आणि त्याला दटावलं, "झोप. बाहेर जायचं नाही."

बाहेर एक गाडी थांबली. आम्ही तिघं उभे राहिलो. दूधवाला होता. त्याने क्रेट ठेवला आणि आमचे चेहरे बघून तो दाराच्या चौकटीला समांतर सरकवला. जोलीनने तोंडावर हात दाबला.

मुलांची माहिती भलत्याच माणसाच्या हाती लागली, तर नोंदणी केलेल्यांनी कार्यालयाला लगेच कळवायचं असतं. मी लॅपटॉप उघडला. किती जण बाधित? दोन. काय उघड झालं? एक दार. काय उपाय केलात? फळा वळवला. शेवटी मोकळा चौकोन होता, तुमची कार्यालयाकडून काही अपेक्षा असल्यास लिहा म्हणून. ग्लेनिसबाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. मी लिहिलं:

महोदय, कर्टिस नामक इसमाच्या डोक्यात शनिवारपासून एक निळे दार, चौदा हा आकडा व चिप्सच्या दुकानाची अर्धी पाटी असा डेटा विनापरवाना साठवलेला आहे. तो कोणत्या कारणासाठी ठेवला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी माहिती पुसून घेण्याच्या हक्कानुसार सदर डेटा त्याच्या डोक्यातून, आज मुलांना घरी सोडण्याच्या वेळेपूर्वी, कायमचा नष्ट करण्यात यावा आणि तसे केल्याचे आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती.