प्रायव्हेट लावल्यावर

हेमावतीने साहेबांना नाव सांगून टाकलं होतं, आणि आता तेच नाव खरं निघावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

अठ्ठ्याण्णव सालचा सप्टेंबर. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या छोट्या कंपनीने एका इस्पितळाच्या रक्तपेढीसाठी जावामध्ये प्रोग्राम करून दिला होता. सकाळी तिथून फोन आला: तपासणी न झालेली रक्ताची पिशवी पडद्यावर 'तपासलेली' दिसत होती. तिथल्या बाईंनी लेबल वाचलं म्हणून ती पेशंटला चढली नाही, एवढंच नशीब. कृष्णमूर्ती साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि सांगितलं, ज्याची चूक तो आजच्या आज घरी.

पिशवीचा क्लास, म्हणजे पिशवीची सगळी माहिती सांभाळणारा प्रोग्रामचा भाग, हेमावतीने लिहिलेला. 'तपासलेली' हे त्यातलं व्हेरिएबल, म्हणजे हो-नाहीची नोंद, प्रायव्हेट ठेवायला हवं होतं. मग बाहेरच्या कोणाला त्याला परस्पर हात लावता आला नसता. बदल करायचा तर तिने त्यासाठी लिहिलेल्या मेथडमधूनच, चाचणीचा निकाल दाखवून. पण बाकीचा प्रोग्राम लिहिणारा त्रिविक्रम म्हणाला होता, "अक्का, पब्लिकच ठेवा की. दर खेपेला मेथड कुठं बोलवत बसू?" आणि हेमावतीबाईंनी ठेवलं, सगळ्यांना खुलं. त्यामुळे साहेबांनी विचारताच तिच्या तोंडून निघून गेलं, "त्रिविक्रम." निपाणीच्या त्या पोराला ही नोकरी तिनेच लावून दिली होती.

आता पुरावा हवा होता. युक्ती साधी: पब्लिक खोडायचं, प्रायव्हेट लिहायचं, जुन्या फायली पुसून सगळं नव्याने कंपाइल करायचं. बाहेरून जिथे कोणी हात घातला असेल, ती प्रत्येक ओळ कंपायलर चूक म्हणून नंबरासकट दाखवतो. तिने कळ दाबली.

एकही चूक आली नाही. तिने पुन्हा केलं. तेच. मागून घेतलेल्या सवलतीला त्रिविक्रमने कधी हातच लावला नव्हता.

म्हणजे राहिला क्लासच्या आतला भाग. प्रायव्हेटचा पहारा बाहेरच्यांवर असतो, आतल्या ओळींना तो अडवत नाही. आणि आत सगळं लिखाण तिचंच. खाली सरकत सरकत ती एका ओळीपाशी थांबली. पिशवी फ्रिजमध्ये हलवली की चाचणीशिवायच 'तपासलेली'पुढे 'हो' लावणारी ओळ, शेजारी तिचीच टीप: डेमोपुरतं, नंतर काढणे. जुलैच्या डेमोत पडद्यावर न तपासलेल्या, लाल पिशव्या बऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून तिने सगळ्या हिरव्या केल्या होत्या.

चिकपेटच्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील, अण्णा, आणि कमावणारी ती एकटी. ही ओळ पुसली तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. बोट कळीवर गेलं. "देवा, एवढं एकदाच," ती पुटपुटली. तिला स्वतःची किळस आली, पण बोट काही उचललं नाही.

"अक्का, स्वल्प बघता काय?" मागे त्रिविक्रम उभा होता. डोळे सुजलेले, हातात कागद. "माफीपत्र लिहिलंय. मला तर काही आठवंना बघा, पण तुम्ही म्हणालात म्हणजे माझ्याच हातनं झालं असणार. इंग्रजी तेवढं नीट करून द्या."

हेमावतीने कागद घेतला. इंग्रजीत काहीच सुधारण्यासारखं नव्हतं. तिने पेन उघडलं, खालचं त्याचं नाव खोडलं, तिथे आपलं लिहिलं, आणि ती ओळ पडद्यावर तशीच ठेवून साहेबांच्या केबिनकडे निघाली.