प्रल्हादकाकांचा हातगुण

जून उजाडला की आमच्या घरातली साखर संपायची. बारावीचा निकाल लागला की वसईच्या एव्हरशाईन सिटीतली निम्मी बिऱ्हाडं आमच्या सोफ्यावर. सोबत मुलगा नाहीतर मुलगी, मार्कशीट, कॉलेजचा फॉर्म आणि नवंकोरं पेन. "काका, नोकरी कशात आहे?" हा प्रश्न ठरलेला, आणि चहा मी करायचा हेही ठरलेलं. दिवसभर पतपेढीच्या काउंटरवर डोकं पिकवून मी आलेली असे, पण ते कोणाच्या गावीही नसायचं.

हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या परेशमुळे झालं. दोन हजार एक साली तो फॉर्म घेऊन आला तेव्हा माझ्या यजमानांनी, प्रल्हादरावांनी, पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती पाहून त्याला सांगितलं, "आयटी घे." फॉर्म भरताना पोराला घाम फुटला, म्हणून यांनी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. तीन वर्षांनी परेश मालाडच्या एका कंपनीत लागला. त्याच्या आईने अख्ख्या विंगमध्ये पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "प्रल्हादकाकांचा हातगुण हो, दुसरं काही नाही."

झालं! एखाद्या डॉक्टरला हातगुण असतो, लोणचं घालणारीला असतो. आमच्या यांना फॉर्मचा हातगुण चिकटला. पुढे पुढे पहिलं अक्षर यांच्या हातचं असल्याशिवाय आमच्या बिल्डिंगमधला फॉर्म कॉलेजात जाईना. वटार गावचा काळूराम, यांच्या जुन्या कंपनीतल्या मित्राचा शेजारी, तो तर केळ्यांचा घड घेऊनच यायचा. "दादा, माझे अल्पेशचे फारमवर हात लावा. बाकी तो लिवेल." आणि अल्पेशलाही नोकरी लागली. आता बोला.

गंमत म्हणजे यांनी स्वतः केमिस्ट्री घेतली होती ती अशीच, त्या काळी केमिस्ट्रीवाल्याला नोकरी होती म्हणून. लागलेही. आमची एकुलती एक सुरुची तिसरीत होती तेव्हा ती कंपनी बंद पडली. तेव्हापासून हे वसई पूर्वेला एका गाळ्यात रंगाचे डबे तपासतात, जुन्या पगाराच्या निम्म्यावर. संध्याकाळी येतात तेव्हा बोटांना कधी निळा डाग असतो, कधी पिवळा. त्या हाताने लोकांच्या पोरांचं नशीब लिहायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दोन हजार नऊला सुरुचीच बारावी झाली. सायन्सला मीच घातलं होतं तिला, मार्कही चांगले पडले. निकालाच्या दिवशी पेढा तोंडात असतानाच ती म्हणाली, "मी आर्ट्सला जाणार. मला भूगोल घ्यायचाय."

"भूगोल घेऊन काय करणार? नकाशे विकणार स्टेशनवर?"

"आई, नायगावला खाडीच्या कडेला किती भराव टाकतायत बघितलंस ना? ते पाणी उद्या कुठे जाणार? आपल्याकडेच येणार. मला ते शिकायचंय."

"येऊ दे की! टँकर तरी वाचेल." मी म्हटलं. ती हसली नाही.

मला वाटलं, हे समजावतील. यांच्या शब्दावर सगळी सोसायटी पोरांच्या डिग्र्या ठरवते. तर हे शांतपणे म्हणाले, "तिला हवं ते घेऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "लोकांच्या पोरांना नोकरी आणि आपल्या पोरीला खाडी? अहो, तुमचे दिवस काय झाले ते बघितलंय मी. तिचे तसे नाही होऊ द्यायचे मला."

"लोक मला विचारतात, नोकरी कशात आहे," हे म्हणाले. "सुरुचीने ते विचारलंच नाही."

मी आठवडाभर भांडी आपटली. बापलेक माझ्यासमोर भूगोल हा शब्द काढत नव्हते, पण मनातून गेला नव्हता हे मला कळत होतं. भांडायचंही आता त्राण उरलं नव्हतं. मी ठरवलं होतं, शेवटच्या तारखेपर्यंत ताणायचं, मुलगी आपोआप वळेल.

त्यातच परेशची नोकरी गेली. मंदी होती, कंपनीने एका दुपारी चाळीसेक जणांना घरी पाठवलं. त्याची आई संध्याकाळी आमच्या दारात आली ती आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काका, तुम्हीच आयटी म्हणालात. तेव्हा पोरगा बँकेची परीक्षा देत होता. माझंच चुकलं. ज्याची स्वतःची कंपनी बुडाली त्याचा हात लावून घ्यायलाच नको होता."

हे सोफ्यावर बसले होते. "खरं आहे, वहिनी," एवढंच म्हणाले. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण तिचे डोळे सुजलेले होते, आणि पेढे वाटतानाही ती इतकीच मनापासून बोलली होती.

बातमी जिन्याने वरखाली फिरली. त्या जूनमध्ये आमची बेल वाजली ती फक्त दूधवाल्याची. काळूरामचा धाकटा बारावी झाला होता, त्याचा फोन आला. "दादा, फारम सरनंच भरून टाकला. तुमाला कशाला तरास?" यांनी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. साखरेचा डबा भरलेला राहिला. इतकी वर्षं मी ज्या गर्दीला शिव्या घातल्या तिची मला आठवण यायला लागली, आणि त्याचाही संताप यायचा. हे जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

फॉर्म भरायला दोनच दिवस राहिले तेव्हा सुरुची कॉलेजातून आली आणि यांच्यासमोर फॉर्म ठेवला. बी.एस्सी. आयटीचा. वर पेन.

"बाबा, पहिलं अक्षर."

मी ओट्याजवळ होते. पोरगी वळली एकदाची, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण यांनी पेनाला हात लावला नाही. "माझा हात नको," म्हणाले. "आईकडून लिहून घे. आणि भूगोलाचं काय झालं?"

"राहू दे भूगोल." ती खाली बघत होती. "आयटीत मी नीट अभ्यास करीन. तीन वर्षांत मंदी संपेल, मला नोकरी लागेल. मग परेशची आई काही बोलणार नाही. तुमचा हात परत चांगला होईल."

हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "माझा हात चांगला करायला तुझी तीन वर्षं नकोत मला," म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. कंपनीला टाळं लागलं त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता.

मला हवी होती तीच डिग्री समोर पडली होती. पण ती पोरगी नोकरीसाठी घेत नव्हती, मी म्हणते म्हणूनही नाही. बापाच्या अब्रूसाठी ती कॉम्प्युटरसमोर जन्म काढायला निघाली होती. मला फार दमल्यासारखं झालं. मी गॅस बंद केला, तो फॉर्म उचलला आणि फ्रीजवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत अर्धी रजा टाकून मी तिला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीतला क्लार्क मार्कशीट बघून म्हणाला, "बाई, एवढ्या मार्कांना आर्ट्स? पुढे नोकरीचं काय?"

"आयटीवाले घरी बसलेत," मी म्हटलं. "द्या आर्ट्सचा."

येताना जिन्यात सुरुचीला बजावलं, "नोकरी नाही लागली तर माझ्यासमोर रडायचं नाही." तिने माझा दंड घट्ट धरला, सोडेचना.

हे गाळ्यावरून आले तेव्हा फॉर्म टीपॉयवर ठेवलेला होता. यांनी वर छापलेलं 'आर्ट्स' वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नक्की, आशा?"

"नक्की कशाचं असतं? लिहा."

"माझ्या हाताने?"

"मग काय परेशच्या आईला बोलावू?"

हे उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आले. परत जाऊन पुन्हा धुतले. निळा डाग गेला नाही तो नाहीच. मग बसले, पेन उघडलं आणि इंग्रजी एस काढला. इतरांच्या फॉर्मवर हे एकच अक्षर लिहायचे आणि पेन परत द्यायचे. सुरुचीनेही हात पुढे केला. "द्या बाबा, पुढचं मी लिहिते."

यांनी पेन दिलं नाही. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, विषयाच्या रकान्यात भूगोल लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं. पंख्याने कागद उडत होता, म्हणून मी शेजारी बसून त्याचा कोपरा दाबून धरला.